काळ्या दगडातला हिशेब

दिवाळीचा पाडवा उलटला की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. गावागावांचा दिवस ठरलेला असतो. दुपारी दंडार, खडी गंमत, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. तुमसर तालुक्यातल्या बहिणीकडे मी असाच गेलो होतो. भाचा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो. त्यानं चहाच्या आधी माझ्या हातात एक दगड ठेवला. आकार लिंबाएवढा, पण वजन असं की हात खाली गेला. परत दिला तेव्हा बोटं काजळी लागल्यासारखी काळी झाली होती.

डोंगरी बुजुर्गचा दगड. तुमसर रोड स्थानकावरून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेफाट्यावर गोबरवाहीच्या पुढे हे गाव येतं. इथे मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे, आणि जवळच चिखल्याला भुयारी. डोंगरीच्या खनिजाची ख्याती मँगनीज डायऑक्साइडसाठी. रेडिओत, टॉर्चमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात जो सेल आपण घालतो, त्यातली काळी भुकटी म्हणजे हेच द्रव्य. खनिजशास्त्रात त्याचं नाव पायरोलुसाइट. जिल्ह्याबाहेर भंडारा ओळखला जातो तो धानासाठी, पितळी भांड्यांसाठी, कोशाच्या कापडासाठी आणि तलावांसाठी. दगडासाठी क्वचितच.

भाच्याचा प्रश्न साधा होता. पुस्तकात लिहिलंय की मँगनीजचा एकेक अणू म्हणजे छोटासा चुंबकच. मग हा दगड लोहचुंबकाला का चिकटत नाही? त्याच्याकडे स्पीकरमधून काढलेलं चुंबक होतं, त्यानं लावून दाखवलं. दगडानं दाद दिली नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की वाट पुण्याला, म्युनिकला, पॅरिसजवळच्या पालेझोला जाते, आणि शेवटी अशा एका भांडणात अडकते जे अजून मिटलेलं नाही.

आधी उत्तराचा सोपा भाग. पायरोलुसाइटमधल्या मँगनीजच्या प्रत्येक अणूत तीन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, आणि त्यांच्यामुळे तो अणू चुंबकासारखा वागतो. पण हे चुंबक शेजाऱ्याच्या दिशेनं तोंड करून उभे राहत नाहीत. शेजारी वर बघत असेल तर आपण खाली बघायचं, हा त्यांचा स्वभाव. एक वर, एक खाली, बेरीज शून्य. घरातल्या नेहमीच्या तापमानाला तर त्यांची ही शिस्तही टिकत नाही, सगळे आपापल्या नादात डोलत असतात. खूप थंड केलं की शिस्त येते. या प्रकाराला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते १९३०च्या दशकात कागदावर मांडलं. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो मँगनीजच्याच संयुगात. १९४९ मध्ये अमेरिकेत ओक रिज इथे क्लिफर्ड शल आणि सॅम्युअल स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडले आणि अणूंची ही एकाआड एक मांडणी टिपली. नीलला १९७० मध्ये नोबेल मिळालं, शलला १९९४ मध्ये.

डोंगरीच्या दगडातलं द्रव्य याहून थोडं चक्रम आहे. त्यातल्या अणूला दोन प्रकारचे शेजारी आहेत आणि दोघांच्या मागण्या एकदम पुऱ्या होत नाहीत. म्हणून उणे १८१ अंश सेल्सिअसच्या खाली त्यातले चुंबक सरळ वर-खाली न राहता स्क्रूच्या आट्यांसारखे वळत जातात. १९५९ मध्ये अकिओ योशिमोरी या जपानी भौतिकशास्त्रज्ञानं मँगनीज डायऑक्साइडसाठीच हा पेच उलगडला आणि त्यातून चुंबकत्वाचा एक नवा प्रकार पुढे आला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना तापणाऱ्या जिल्ह्यातल्या दगडात अशी वेलांटी दडलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर दगडाकडे बघण्याची नजर बदलली, हे कबूल करतो.

योशिमोरीनं हे कागद-पेन्सिलीनं सोडवलं. खरी पंचाईत होते ती तिघे एकमेकांचे शेजारी असले की.

तीन जावा एका घरात आहेत असं समजा. प्रत्येकीनं शपथ घेतली आहे की दुसरी जे म्हणेल त्याच्या उलट म्हणायचं. पहिली म्हणाली हो, दुसरी म्हणाली नाही. आता तिसरीनं काय करावं? हो म्हटलं तर पहिलीशी जमतं, नाही म्हटलं तर दुसरीशी, आणि तिची शपथ दोन्हीकडून मोडते. त्रिकोणावर बसलेल्या प्रतिलोहचुंबकी अणूंची हीच गत. ग्रेगरी वानिए यानं १९५० मध्ये दाखवलं की फक्त वर किंवा खाली बघू शकणारे असे चुंबक त्रिकोणी जाळ्यावर मांडले, तर कितीही थंड केलं तरी त्यांची एक अशी ठाम मांडणी ठरत नाही. सारख्याच बऱ्यावाईट मांडण्या असंख्य निघतात.

त्रिकोणांसाठी भंडाऱ्याबाहेर जावं लागत नाही. १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस फर्मर यांनी भारतातल्या मँगनीज साठ्यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. मध्य प्रांतातल्या या पट्ट्यात खनिजासोबत सापडणाऱ्या एका खडकाला त्यांनी गोंडांवरून गोंडाइट असं नाव दिलं. ज्यांच्या जमिनीतून हा दगड निघाला त्यांचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत राहिलं, एवढं तरी झालं. गोंडाइट म्हणजे गारगोटी आणि स्पेसार्टिन नावाचा मँगनीजचा गार्नेट. या गार्नेटमधले मँगनीजचे अणू जोडले तर कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या त्रिकोणांची दोन जाळी एकमेकांत गुंतलेली दिसतात. म्हणजे तीन जावांची एक अख्खी वसाहत.

इथे भौतिकशास्त्राचे लोक मला थांबवतील, आणि बरोबर थांबवतील. गार्नेटमधल्या मँगनीजचा चुंबक मोठा आहे, पाच एकट्या इलेक्ट्रॉनांचा, आणि मोठे चुंबक बरेचसे जुन्या, ओळखीच्या नियमांनी वागतात. क्वांटमचा धिंगाणा सगळ्यात जास्त दिसतो तो एकाच इलेक्ट्रॉनच्या, सगळ्यात लहान चुंबकांत. मान्य. पण पेच तोच आहे, आणि तो लहान चुंबकांत किती अवघड होतो ते आता बघू.

लहान चुंबकाला दोनच पर्याय, वर आणि खाली. पण क्वांटम नियमांत तो एकाच वेळी दोन्हींचं मिश्रण असू शकतो, आणि अनेक चुंबकांचं मिश्रण सुटं सुटं सांगता येत नाही. सगळ्यांची मिळून एकच यादी करावी लागते. दोन चुंबकांना चार नोंदी, तिनांना आठ, दहांना १,०२४. पन्नासांना सुमारे १,१२६ लाख कोटी. प्रत्येक नोंदीला सोळा बाइट धरले तर ही यादी ठेवायला एक टेराबाइटच्या अठरा हजार हार्ड डिस्क लागतील. एक्कावन्नावा चुंबक आला की छत्तीस हजार. आणि भाच्याच्या दगडाचा एक ग्रॅम घेतला तर त्यात मँगनीजचे अणू आहेत सातावर एकवीस शून्यं.

मोठा संगणक आणून हे भागत नाही. मोठ्या संगणकाची तहान आपल्याला नवी नाही. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. भटकर अकोला जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या विदर्भाचेच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परम रुद्र मालिकेतले तीन महासंगणक देशाला मिळाले, त्यातला एक पुण्यातच आहे. पण इथे यंत्र दुप्पट केलं की एकच चुंबक जास्त बसतो. दुप्पट खर्चात एक पाहुणा, असा हा संसार.

रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एका भाषणात यावर जो तोडगा सुचवला, तो एका वाक्याचा होता: निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही क्वांटमच असायला हवं. तोडगा ऐकायला नवा वाटतो, पण याच जातीचं काम महाराष्ट्रात शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ ची. तिथे धरणाचा सांडवा बांधण्याआधी त्याची लहान प्रतिकृती करतात, तिच्यातून खरं पाणी सोडतात आणि ते कुठे उसळतं, पायथ्याशी कुठे खड्डा पाडतं हे बघतात. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे तेहतीस दरवाजे उघडले की वैनगंगेचा खालचा काठ काय अनुभवतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फेसाळणाऱ्या पाण्याचा थेंबाथेंबाचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. पाण्यालाच विचारतात.

खडकवासल्याची माणसं एक गोष्ट पक्की जाणतात, ती म्हणजे माप कसं बदलायचं. प्रतिकृती शंभरपट लहान केली तर तिच्यातला काळ दहापट वेगानं धावतो. दहा तासांचा पूर तासाभरात उरकतो. आणखीही एक गोष्ट त्यांना माहीत असते: पाण्याचा पृष्ठताण काही शंभरपट लहान होत नाही. पाण्याचा थर फार पातळ झाला की प्रतिकृती खोटं बोलू लागते. कुठवर विश्वास ठेवायचा हे ठरवणं, हीच त्या विद्येतली खरी कारागिरी.

अॅनालॉग क्वांटम सिम्युलेटर म्हणजे उलट्या मापाचं खडकवासला. तिथे नदी लहान आणि वेगवान करतात. इथे स्फटिक मोठा आणि संथ करतात. रुबिडियमसारख्या मूलद्रव्याचे अणू थंड करत करत निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, एका अंशाच्या काही अब्जांश भागांपर्यंत आणतात आणि समोरासमोरच्या लेसर किरणांनी तयार केलेल्या उजेडाच्या जाळ्यात बसवतात. आमच्या धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक बांधी एका अणूची जागा, मधले धुरे म्हणजे उजेडाच्या भिंती. लेसर मंद केला की धुरा खाली येतो आणि अणू पलीकडच्या बांधीत जाऊ शकतो. लेसर वाढवला की जागच्या जागी अडकतो. खऱ्या स्फटिकातल्यापेक्षा इथलं अंतर हजारो पटींनी मोठं, आणि इलेक्ट्रॉनच्या हालचालीपेक्षा इथली हालचाल अब्जावधी पटींनी संथ. म्हणून एकेक अणू कॅमेऱ्यानं टिपता येतो.

म्युनिकमध्ये २००२ साली मार्कुस ग्राइनर, इमॅन्युएल ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी हे धुरे वर-खाली करून दाखवलं. खाली असताना अणूंचा लोंढा विनाअडथळा वाहतो, वर नेले की प्रत्येक बांधीत ठरावीक अणू मुकाट बसतात. साधारण संगणकात गणिताच्या पायऱ्या लिहाव्या लागतात, इथे पायऱ्याच नाहीत. धुऱ्याची उंची ठरवली की गणित मांडून झालं, आणि वाट बघितली की सुटलं. म्हणून याला अॅनालॉग म्हणायचं. हे यंत्र जमाखर्च लिहू शकत नाही, तिकीट काढून देऊ शकत नाही. एका जातीचा प्रश्नच ते सोडवतं, पण त्या प्रश्नापुरतं महासंगणकाला मागे टाकतं, असा दावा आहे.

पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत असे थंड अणू आहेत. २०१७ मध्ये त्यांनी आणि एम. एस. संथानम यांनी सहकाऱ्यांसह लेसरच्या ठरावीक ठोक्यांनी ढकललेल्या अणूंवरचं काम प्रसिद्ध केलं. ठोके खाणारा अणू सुरुवातीला पळतो आणि मग क्वांटम नियमांमुळे थबकतो. अशुद्ध धातूत इलेक्ट्रॉन अडकून पडतो त्याचं हे जुळं गणित आहे, हे फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रेंज यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे पुण्यातले हे अणू एका अर्थानं तारेतल्या इलेक्ट्रॉनची नक्कल वठवत होते. केंद्रानं १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा बातम्यांत सगळीकडे ‘क्वांटम कॉम्प्युटर’ हाच शब्द होता. सिम्युलेटर हा त्याचा गरीब पण कामसू भाऊ, त्याचा फोटो कोणी छापला नाही.

आता सिम्युलेटर आणि महासंगणक यांच्या शर्यतीकडे.

२०१२ मध्ये ब्लॉख यांच्या गटानं एका रांगेत बसवलेले अणू सोडले आणि ते कसे स्थिरावतात ते पाहिलं. सुरुवातीचा काही काळ संगणकाचं गणित आणि प्रयोग हातात हात घालून चालले. मग अणूंमधला गुंता वाढला आणि संगणक दमला. (या गुंत्याला ‘गुंतणूक’ म्हणायचा मोह होतो, पण त्या शब्दानं मुदत ठेव आठवते.) प्रयोग मात्र पुढे चालूच होता. महासंगणक नेहमीच हतबल असतो असं नाही. गुंता थोडा असेल तर त्या अवाढव्य यादीतला बहुतेक भाग फालतू असतो आणि चतुर गणिती तो गाळून टाकतात. काळ सरकतो तसा गुंता वाढतो, आणि गाळायला काही उरत नाही.

२०२१ मध्ये पालेझोच्या गटानं रुबिडियमचे १९६ पर्यंत अणू लेसरच्या चिमट्यांत धरून चौकोनी जाळ्यावर मांडले, आणि त्रिकोणी जाळ्यावरही. या अणूंना डिवचलं की त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर फेकला जातो आणि अणू फुगतो, इतका की शेजारच्याला फुगायला जागा राहत नाही. अरुंद पांदणीत एक बंडी शिरली की समोरची थांबते, तसं. एक फुगलेला, एक न फुगलेला, हेच झालं वर आणि खाली. नीलचं प्रतिलोहचुंबक आणि वानिएचा त्रिकोण, दोन्ही आता डोळ्यांनी बघता येत होते. त्याच वेळी हार्वर्डच्या गटानं २५६ अणूंचं असंच काम छापलं. २०२४ मध्ये चीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटानं सुमारे आठ लाख जागांच्या त्रिमितीय जाळ्यात लिथियमच्या अणूंना प्रतिलोहचुंबकी शिस्त लागताना पाहिली. शल यांनी न्यूट्रॉन मारून मँगनीजमध्ये जे शोधलं, ते आता उजेडाच्या बांध्यांमध्ये मुद्दाम उगवता येतं.

पालेझोच्या कामातली मला आवडलेली गोष्ट १९६ हा आकडा नाही. त्यांनी आधी दहा बाय दहाच्या जाळ्यावर प्रयोग आणि संगणकी गणित शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिलं, आणि मग चौदा बाय चौदाकडे गेले. खडकवासल्याचा माणूस हेच करेल.

सगळ्यांचे दावे इतके संयमी नव्हते. मार्च २०२५ मध्ये डी-वेव्ह या कंपनीनं ‘सायन्स’ नियतकालिकात दावा केला की अडकलेल्या चुंबकांच्या काही प्रश्नांत त्यांच्या अतिवाहक तारांच्या यंत्रानं संगणकाला मागे टाकलं. हेच काम अमेरिकेतल्या फ्रंटियर महासंगणकाला करायला जवळपास दहा लाख वर्षं लागतील आणि साऱ्या जगाच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त वीज लागेल, असं कंपनीनं जाहीर केलं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न संस्थेच्या आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी उलट दाखले मांडले: यातले बरेच प्रश्न आम्ही नव्या गणिती युक्तीनं साध्या यंत्रांवर सोडवून दाखवतो. कंपनी म्हणाली, बरेच, पण सगळे नाहीत. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गुंतलेली जाळी तुम्ही सोडवलेली नाहीत.

माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दहा लाख वर्षांचा आकडा हा जाहिरातीचा आकडा आहे. असा आकडा सांगतो की आज माहीत असलेल्या पद्धतीनं किती वेळ लागेल. उद्या कोणी बरी पद्धत काढली की आकडा कोसळतो. हा पराभव आहे असं मात्र मला वाटत नाही. यंत्रानं डिवचलं नसतं तर ती बरी पद्धत निघालीच नसती. शर्यतीत दोन्ही बैल वेग घेतात.

हे सगळं मी भाच्याला मंडईत फिरता फिरता सांगत होतो. भजी झाली, गोडशेव झाली. दंडारीत झिलकरी टाळ धरून उभे राहिले होते. त्यानं मधेच विचारलं, “मामा, संगणकाला जमतच नाही असं उत्तर त्या यंत्रानं दिलं, तर ते बरोबर आहे हे तपासणार कोण?”

मला हसू आलं, कारण मुरलेले शास्त्रज्ञही इथेच येऊन थांबतात. काही वाटा आहेत. लहान जाळ्यावर दोघांना ताडून बघायचं. एकच प्रश्न दोन वेगळ्या जातीच्या यंत्रांना द्यायचा, म्युनिकच्या थंड अणूंना आणि कुठल्या तरी आयनांच्या सापळ्याला. चुका वेगवेगळ्या जातीच्या असतील, मग उत्तर जुळलं तर विश्वास वाढतो. प्रयोग पुढे नेऊन तसाच उलटा मागे आणायचा आणि सुरुवात परत मिळते का बघायचं. खडकवासल्याच्या पाण्याला शेवटी खरं धरण तपासतं. सिम्युलेटरचं खरं धरण म्हणजे खरा दगड, ज्याच्यावर न्यूट्रॉन सोडता येतात.

यातून तुमसरला काय मिळणार, असा प्रश्न मेहुण्यांनी विचारला. रास्त प्रश्न. उद्या सकाळी काही नाही. डोंगरीचं खनिज सेलमध्ये जाईल, चिखल्याचं पोलादाच्या भट्टीत. पण लिथियमच्या बॅटरीत आयन मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये ये-जा करतात तेव्हा तिथले इलेक्ट्रॉन नेमके कसे वागतात, हा याच जातीचा प्रश्न आहे, आणि तो नीट सुटलेला नाही. मेहुणे म्हणाले, तोवर धानाला भाव मिळू द्या.

रात्री नाटकाला गेलो. तिसऱ्या अंकापर्यंत थंडी वाढली होती, भाचा शाल गुंडाळून बसला होता, आणि मध्यंतरात त्यानं दगड खिशातून काढून पुन्हा ते स्पीकरचं चुंबक लावून पाहिलं. उणे १८१ ला अजून बराच अवकाश होता.